कळ कोणाच्या हाती

मुळशी धरणाचा फुगवटा जिथे सरतो आणि कोकणात उतरणारा घाट जिथे सुरू होतो, तिथे ताम्हिणी आहे. गावाच्या पूर्वेला टाटांचा जलाशय, पश्चिमेला डोंगर उतरून गेलं की भिऱ्याचं वीजघर. मुळा-नीळेचं पाणी अडवायचं, ते पश्चिमेला कड्याखाली सोडायचं आणि त्यावर मुंबईसाठी वीज करायची, या योजनेविरुद्ध १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापटांनी चालवलेला हा लढा १९२४ पर्यंत टिकला आणि हरला. पन्नासच्या आसपास गावं धरणाने उठवली. १९२७ मध्ये भिऱ्याची जनित्रं फिरू लागली, वीज मुंबईला गेली, आणि ज्या डोंगरात ती तयार होत होती तिथल्या वाड्यांवर रॉकेलच्या चिमण्या पुढे कितीतरी वर्षं जळत राहिल्या. शाळेतल्या तंत्रज्ञानाचा इतिहास मांडताना हे आधी सांगायला हवं, कारण यंत्र किती चांगलं आहे हा प्रश्न इथल्या माणसांनी कधी वेगळा विचारलाच नाही. त्याची कळ कोण दाबणार, हेच त्यांनी विचारलं. महाराष्ट्रात गेल्या दोनशे वर्षांत वर्गात आणि मैदानावर जी साधनं आली, त्यांनाही हाच प्रश्न लावून पाहिला पाहिजे. माझं म्हणणं असं की, जी साधनं शाळेत पोचल्यावर शिक्षकाची झाली, म्हणजे त्याला ती मोडता, जोडता, बदलता आली, ती टिकली. ज्यांची कळ रोज दुसऱ्याच कुणाच्या हाती राहिली, ती तो हात मागे गेला तशी गेली. शारीरिक शिक्षणाच्या तासाला हे सगळ्यात स्पष्ट दिसतं, आणि नेमका तोच तास या चर्चेतून नेहमी बाहेर राहतो.

पंतोजीच्या शाळेपासून सुरुवात करू. तिथे मूल पहिलं अक्षर कागदावर काढत नसे; कागद महाग. लाकडी फळीवर बारीक धूळ पसरायची, बोटाने नाहीतर काडीने अक्षर काढायचं, चुकलं की तळहाताने सारखं करून पुन्हा काढायचं. चुकीचा माग राहत नाही आणि सामानाला पैसा पडत नाही, हे या धूळपाटीचे दोन मोठे गुण. पुढे दगडी पाटी आणि पेन्सिल आली तीही याच गुणांवर चालली. पाटीची चौकट निखळली तर गावचा सुतार बसवून देई. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी यांची घोकंपट्टी तर साधनाशिवायचं साधन होती: एकाने सांगायचं, बाकीच्यांनी म्हणायचं. तिला आज नावं ठेवली जातात आणि त्यात तथ्यही आहे, पण बाजारात तोंडी हिशेब करणारी पिढीच्या पिढी त्यातून तयार झाली, हेही खरं.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. शिक्षकाच्या हाती सगळं असणं ही काही निखळ चांगली गोष्ट नव्हती. पंतोजीचा ओटा मुलींसाठी आणि बहुसंख्य जातींसाठी बंद होता. त्याच्या हातातली छडीही त्याच्याच अखत्यारीतली होती. ती मक्तेदारी मोडायला बाहेरून आलेल्या साधनाचा, छापील पुस्तकाचा, मोठा उपयोग झाला. १८२२ मध्ये मुंबईत शाळा आणि शालेय पुस्तकांसाठी जी सोसायटी उभी राहिली, तिच्यासाठी सदाशिव काशिनाथ छत्रे यांच्यासारख्यांनी मराठीत पुस्तकं लिहिली, जॉर्ज जर्विस यांनी गणिताची पुस्तकं मराठीत आणवली, आणि शिळाछापावर ती निघाली. हे सगळं मुंबईत ठरलं आणि मुंबईहून आलं. मग माझं म्हणणं इथेच खोटं ठरतं का? नाही. पुस्तक एकदा गावात पोचलं की ते चालू ठेवायला मुंबईची गरज उरत नाही. ते शिक्षकाच्या ओट्यावर बसतं, एका मुलाकडून दुसऱ्याकडे जातं, रात्री चिमणीच्या उजेडात वाचता येतं. साधन कुठून आलं याला मी महत्त्व देत नाही. आल्यावर ते कुणाच्या भरवशावर चालतं, याला देतो. आणि नुसत्या पुस्तकानेही दार उघडलं नाही. पुण्यात भिडेवाड्यात १८४८ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली तेव्हा ते उघडलं. याच जोतीरावांनी १८८२ मध्ये शिक्षणाची चौकशी करणाऱ्या हंटर आयोगापुढे जी मागणी केली ती शिक्षणसाधनांच्या इतिहासात पुरेशी वाचली जात नाही. खेड्यातला शिक्षक शेतकरी वर्गातून यावा, नांगराचा रुमणा किंवा सुताराची वाकस धरायला त्याला लाज वाटू नये, आणि त्याच्या प्रशिक्षणात शेती व आरोग्याचं प्राथमिक ज्ञान असावं, असं ते सांगत होते. हाताला काम माहीत असलेला शिक्षक, ही त्यांच्या मते सुधारणेची पहिली अट होती.

ही अट पाळून काय होऊ शकतं ते ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी दाखवलं. १९४५ मध्ये बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी वारली मुलांसाठी बालशिक्षणाचं काम उभं केलं. माँटेसरीची पद्धत त्यांना पटलेली होती, पण तिचा युरोपातला घडीव लाकडी संच आदिवासी पाड्याला परवडणारा नव्हता, आणि फुटला तर दुरुस्त होणारा नव्हता. तेव्हा त्यांनी तत्त्व ठेवलं आणि वस्तू बदलल्या: शिंपले, बिया, पानं, खडे, मडकी. मुलं गुरं राखायला जात, म्हणून शाळाच कुरणावर गेली. इंद्रियांचं शिक्षण देणारं एक युरोपीय तंत्र डहाणूच्या मातीत मुरलं ते असं.

आता मैदानाकडे वळतो. शारीरिक शिक्षणाला तंत्रज्ञान कशाला लागतं, असं सहज म्हटलं जातं. मोकळी जागा आणि शिट्टी असली की झालं! इतिहास तसं सांगत नाही. मल्लखांबच घ्या. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी ज्याचं पुनरुज्जीवन केलं तो हा खांब म्हणजे कुस्तीतल्या प्रतिस्पर्ध्याची जागा घेणारं, विचारपूर्वक घडवलेलं यंत्र आहे. खाली रुंद अंग, वर निमुळती मान, शेंड्याला बोंड. सागवानी किंवा शिसवी लाकूड, त्यावर एरंडेलाचा हात, म्हणजे कातडं सोलवटणार नाही आणि पकड मात्र कमवावी लागेल. पकडीतली चूक खांब तिथल्या तिथे दाखवतो, कारण मूल घसरतं. वेताच्या मल्लखांबासाठी चांगला वेत मिळेनासा झाला तेव्हा तालमींनी सुती दोर टांगला, आणि त्यातून दोरीच्या मल्लखांबाचा वेगळाच प्रकार फुलला, जो पुढे मुलींनी आपलासा केला. कुठल्या कचेरीचं परिपत्रक त्यासाठी निघालं नव्हतं. वस्तादाला आपलं साधन बदलण्याची मुभा होती, एवढंच. खो-खोची गोष्ट निराळी, पण तिचा कल तोच. गावोगाव वेगवेगळ्या रीतीने खेळला जाणारा हा खेळ १९१४ मध्ये पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने नियमांत बसवला. छापील नियम, दोन खांब, चुन्याच्या रेघा आणि घड्याळ या चार गोष्टींनी खेळाची मापं ठरली, आणि मग कुठल्याही शाळेचा संघ कुठल्याही शाळेशी खेळू शकला. घड्याळ हे इथलं खरं यंत्र आहे: पळणारा किती वेळ टिकला, यावर सगळा डाव.

सगळ्यात बोलकं उदाहरण मात्र मुळशीच्या शेजारचं आहे. ताम्हिणीहून उत्तरेला, त्याच घाटमाथ्यावर, लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम स्थापन केलं. त्याआधी बडोद्याच्या इस्पितळात त्यांनी उड्डियान आणि नौली या योगक्रियांच्या वेळी पोटात नेमकं काय होतं ते क्ष-किरणांनी पाहिलं होतं, आणि आतला दाब दाबमापकाने मोजला होता. योगाबद्दल श्रद्धेने किंवा कुचेष्टेने बोलणाऱ्या त्या काळात एका संस्कृतज्ञ, तालमीत घडलेल्या माणसाने प्रयोगशाळेचं यंत्र हाती घेतलं, ही मोठी घटना होती. ‘योग-मीमांसा’ या नियतकालिकातून हे प्रयोग बाहेर आले. पण मला त्याहून मोलाचा वाटतो तो पुढचा भाग. कुवलयानंदांनी शाळांमध्ये क्ष-किरण यंत्र पाठवायचा विचार केला नाही. मोजमाप लोणावळ्यात ठेवलं आणि मोजून पारखलेले व्यायाम, वर्गातल्या सगळ्या मुलांनी एका वेळी करण्याजोगे, ‘यौगिक संघ व्यायाम’ म्हणून पुस्तकातून शिक्षकाच्या हाती दिले. मुंबई सरकारच्या शारीरिक शिक्षणविषयक समितीचं कामही त्यांनी पाहिलं, आणि १९३८ मध्ये कांदिवलीला सरकारी प्रशिक्षण संस्था निघाली ती या मंथनाच्या काळातच. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९३६ मध्ये बर्लिनला ऑलिंपिकच्या वेळी प्रात्यक्षिकं करून आलं होतं, पुण्यात महाराष्ट्रीय मंडळ शिक्षक घडवत होतं. या सगळ्यांनी साधनाबरोबर किंवा साधनाआधी माणूस तयार केला. लेझीम, मल्लखांब, सूर्यनमस्कार हे मराठी शाळेच्या अंगवळणी पडले ते त्यामुळे.

याच्या शेजारी दूरवरून येणाऱ्या साधनांचा इतिहास ठेवून पाहू. आकाशवाणीचं पुणे केंद्र १९५३ मध्ये सुरू झालं. तीनच वर्षांनी, १९५६ मध्ये, युनेस्कोच्या मदतीने या केंद्राने पाच मराठी जिल्ह्यांतल्या १५० गावांत रेडिओ शेतकरी मंडळांचा प्रयोग केला. पुणे जिल्हा त्यात होता. अर्ध्या अर्ध्या तासाचे वीस कार्यक्रम झाले. मंडळातली माणसं संध्याकाळी एकत्र ऐकत, मग बसून चर्चा करत, आणि संयोजक त्यांचे प्रश्न टिपून पुण्याला पाठवी. समाजशास्त्रज्ञ पॉल न्यूराथ यांनी या प्रयोगाची पाहणी केली तेव्हा मंडळं असलेली गावं, नुसता रेडिओ असलेली गावं आणि रेडिओच नसलेली गावं, अशी तुलना केली. मंडळं असलेल्या गावांत लोकांची माहिती ठळक वाढली होती. नुसता रेडिओ होता तिथे फारच थोडी. एवढा स्वच्छ पुरावा आपल्याच जिल्ह्यांतून १९५० च्या दशकात हाती आलेला असताना पुढची साठ वर्षं आपण संच वाटण्यालाच सुधारणा मानत राहिलो, याचं मला फार वाईट वाटतं. १९८४ मध्ये पुण्यात शाळांसाठी दूरचित्रवाणी कार्यक्रम बनवणारी बालचित्रवाणी ही संस्था सुरू झाली, तीही सेनापती बापट रस्त्यावर, बालभारतीच्या शेजारी. तिथल्या माणसांनी मुलांसाठी मराठीत मनापासून कार्यक्रम केले. पण प्रक्षेपणाची वेळ, अनुदान, यंत्रसामग्री यांतलं काहीच शाळेच्या हाती नव्हतं. शाळेचं वेळापत्रक दूरचित्रवाणीच्या वेळेला जुळलं तर जुळलं. केंद्राचं अनुदान थांबलं, राज्याने ओझं उचललं नाही, आणि २०१७ मध्ये संस्था बंद झाली. एवढ्या वर्षांच्या कामातून वाडीवरच्या शाळेत राहिलं काय? जुन्या पाटीची फुटकी चौकटसुद्धा त्याहून जास्त काळ टिकली असेल.

दुसरा आक्षेप इथे घेतला जाईल: तो जमाना गेला. आता फोन शिक्षकाच्या खिशात आहे, कळ त्याच्याच हाती आहे. हे अर्धं खरं आहे आणि त्या अर्ध्या भागाचं मी मनापासून स्वागत करतो. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडले तेव्हा कोडमागचा मजकूर त्यांनी स्वतः, आपल्या मुलांकडे पाहून, तयार केला होता. त्यांना २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. पाबळच्या विज्ञान आश्रमात डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ पासून खेड्यातल्या मुलांना वेल्डिंग, बांधकाम, शेती, वीजजोडणी यांतून विज्ञान शिकवलं. संगणकावर चालणाऱ्या यंत्रांनी वस्तू घडवण्याच्या कार्यशाळा, म्हणजे फॅब लॅब; जगातल्या अगदी सुरुवातीच्या फॅब लॅबपैकी एक तिथे २००२ मध्ये उभी राहिली ती या पायावर. २०१५ च्या प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र कार्यक्रमानंतर कित्येक गावांनी वर्गणी काढून शाळेला प्रोजेक्टर आणि टॅबलेट घेऊन दिले. जिथे शिक्षकाला आणि गावाला त्यात हात घालता आला, तिथे ते चाललं. पण वीजबिल थकलं म्हणून जोडणी तोडलेल्या शाळा याच काळात बातम्यांत आल्या. त्यांच्या कपाटातल्या प्रोजेक्टरची कळ शिक्षकाच्या हाती होती असं म्हणणं म्हणजे शब्दांचा खेळ.

ताम्हिणी ही या सगळ्या साधनांची कसोटी आहे, कारण इथे आधी पाऊस विचारात घ्यावा लागतो. २०२४ च्या जुलैत इथे चोवीस तासांत ५५६ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. शाळेचं वर्ष जूनमध्ये सुरू होतं, म्हणजे वर्षाचे पहिले चार महिने पाऊस, धुकं, गेलेली वीज आणि दरडींचे. २०२० च्या जुलैत, करोनामुळे शाळा बंद असताना, ‘टिलीमिली’ ही मालिका सह्याद्री वाहिनीवरून सुरू झाली. अभ्यास अनुभवाशी जोडणारं चांगलं काम होतं ते. पण छपरावरच्या छोट्या तबकडीला मुसळधार पावसात उपग्रहाचा संदेश नीट मिळत नाही, हा भौतिकशास्त्राचा नियम आहे, आणि घाटमाथ्यावर जुलै म्हणजे मुसळधार. त्याच वर्षी रेंजसाठी डोंगरावर झोपडी बांधून अभ्यास करणाऱ्या कोकणातल्या मुलीची बातमी आपण कौतुकाने वाचली. कौतुक तिचं योग्यच होतं, पण कडा चढण्याची पाळी तिच्यावर आणणाऱ्या योजनेला त्या कौतुकातला वाटा मिळायला नको होता.

मैदानाचीही तीच अवस्था. केंद्र सरकारने २०१९ मध्ये खेलो इंडियाचं मोबाइल अॅप आणलं. पाच ते अठरा वर्षांच्या मुलांची शारीरिक क्षमता त्यावर नोंदवायची: लहानांसाठी एका पायावर तोल, थाळीला टपाटप हात लावण्याचा वेग, मोठ्यांसाठी ५० मीटर धाव, ६०० मीटर धाव, बसून पुढे वाकणं, आणि सगळ्यांची उंची-वजन. चाचण्या विचारपूर्वक निवडलेल्या आहेत आणि महागडं काही लागत नाही. पण त्या घेणार कोण? शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीप्रमाणे शारीरिक शिक्षणाचा अंशकालीन निदेशक मिळतो तो सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभरावर पट असलेल्या शाळेला. वाडीवरच्या दोन शिक्षकी प्राथमिक शाळेच्या वाट्याला तो येतच नाही. गणित शिकवणारा शिक्षकच शिट्टी वाजवतो, आणि ६०० मीटर धावेला लागणारं मैदान जुलैत पाण्याखाली असतं. अशा वेळी चाचणी हे भरून टाकायचं कोष्टक होऊन बसण्याचा धोका मोठा आहे. तो टळतो केव्हा? त्या शिक्षकाला नोंदीचा अर्थ कळतो आणि त्यावर काही करायची मोकळीक असते तेव्हा. बसून पुढे वाकताना अर्ध्या वर्गाचे हात पायांच्या बोटांपर्यंत पोचत नाहीत असं दिसलं, तर पावसाळाभर पडवीत कुवलयानंदांचे व्यायाम घेता येतात. तोल कमी पडला तर तुळईला टांगलेला दोरीचा मल्लखांब पुरतो. फोनचा खरा उपयोगही इथेच आहे: उडीच्या वेळी मुलाचा पाय कुठे पडतो ते टिपायचं, संथ गतीने त्यालाच दाखवायचं आणि पुन्हा उडी मारायला लावायची. याला रेंज लागत नाही.

कुणी म्हणेल, दुर्गम शाळेला उत्तम शिक्षक मिळत नाहीत, म्हणून तर पडद्यावरचा तज्ज्ञ हवा. तो जरूर हवा. इंग्रजीचा उच्चार, पेशीचं चित्र, भालाफेकीतला हाताचा कोन या गोष्टी कुठलाही एक शिक्षक सगळ्या करून दाखवू शकत नाही. मात्र तज्ज्ञाचा धडा मेमरी कार्डात साठवून शाळेत ठेवावा, हवा तिथे थांबवता यावा, नको तो भाग गाळता यावा, आणि तो पाहून झाल्यावर मुलांनी शिक्षकाबरोबर काहीतरी करावं. पुणे केंद्राच्या प्रयोगातल्या १५० गावांनी १९५६ मध्ये हेच शिकवलं होतं. शिक्षकांवर एवढा विश्वास टाकला तर काही जण काहीच करणार नाहीत, हेही मान्य. पण वरून येणाऱ्या कळीनेही ते काही करत नाहीत; फरक एवढाच की तेव्हा करणाऱ्यांचेही हात बांधले जातात.

मग पैशाचा प्रश्न येतो, आणि तो तपशिलात जाऊन सोडवावा लागेल. शाळेला मिळणारं संयुक्त अनुदान पटसंख्येवर ठरतं. घाटमाथ्यावरच्या वाड्यांचा पट लहान, म्हणून अनुदान सगळ्यात कमी. आणि ओलीने बिघडणारी उपकरणं, भिजणारी वह्या-पुस्तकं, दुरुस्तीसाठी पौडपर्यंत किंवा पुण्यापर्यंत मारावी लागणारी खेप यांचा खर्च सगळ्यात जास्त. एका दोरासाठी, एका बॅटरीसाठी किंवा दोन स्टॉपवॉचसाठी तालुक्याच्या मंजुरीची वाट पाहावी लागू नये. मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समिती यांच्या सहीने तो खर्च जूनच्या आत व्हावा, आणि रक्कम ठरवताना पटाबरोबर पाऊस आणि अंतर हेही निकष धरावेत. पर्जन्यमापक ताम्हिणीत आहेच; त्याचे आकडे शिक्षण विभागानेही वाचायला हरकत नाही.